दोन वह्या

आपल्या समाजात नावांची टंचाई आहे, असे मी थट्टेने म्हणत असे. मुलाचा स्नानसंस्कार ठरला की आजोबांचे नाव, नाहीतर ज्या संताच्या सणाला मूल जन्मले त्या संताचे नाव. आडनावे तर पोर्तुगीजांच्या काळापासून चालत आलेली, मोजकीच. मग एकाच आळीत एकाच नावाचे चौघे निघतात आणि त्यांना ओळखण्यासाठी वाडीचे, बापाचे किंवा धंद्याचे नाव जोडावे लागते. गावात हे चालून जाते, कारण हाक मारणारा आणि ओ देणारा समोरासमोर असतात. संगणकाला मात्र वाडी कळत नाही. त्याला अक्षरे तेवढी कळतात. हा फरक २००७ साली, उपवासकाळातल्या एका शुक्रवारी, मला फार महागात पडला.

त्या वेळी मी मुंबईत, फोर्टमधल्या एका कंपनीच्या हिशेब खात्यात होतो. घरी संगणक नव्हता. सकाळी वसईहून गाडी पकडून कचेरी गाठायची आणि जेवणाच्या सुट्टीत, डबा आटोपून, तिथूनच घरची पत्रे लिहायची, असा माझा परिपाठ. कंपनीने दिलेल्या ‘आउटलुक’मध्ये ग्राहक, पुरवठादार, बँकवाले यांचे पत्ते होतेच. त्यांच्यातच मी मस्कतचा चुलतभाऊ, पुण्याची मावसबहीण, सेमिनरीतला भाचा आणि चर्चच्या गायकवृंदातली चार माणसे भरून ठेवली होती. सगळ्यांची एकच लांबलचक यादी.

माझा धाकटा भाऊ त्या दिवसांत दारूतून बाहेर पडण्याची धडपड करीत होता. ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’च्या सभांना जाऊ लागून त्याला जेमतेम दीड महिना झाला होता. या सभांत कोणी आपले आडनाव सांगत नाही, दुसऱ्याचे विचारीत नाही, आणि तिथे ऐकलेले तिथेच ठेवून उठायचे असते. पापनिवेदनासारखाच तो एक विश्वास आहे. भावावर काही कर्ज झाले होते, आणि त्यासाठी मदत मागायला मी मस्कतच्या चुलतभावाला सविस्तर पत्र लिहिले. रोमन अक्षरांत मराठी, जसे तेव्हा सगळेच लिहीत. भावाने कुठे कुठे उसनवारी केली, वहिनी माहेरी का गेली, काही म्हणून राखले नाही. विषयाच्या ओळीत भावाचे संपूर्ण नाव घातले. पत्त्याच्या चौकटीत चुलतभावाच्या नावाची पहिली तीन अक्षरे टंकली, संगणकाने उरलेले नाव पुढे केले, मी कळ दाबली आणि डबा धुवायला उठलो.

परत येऊन पाहतो तो पत्र मस्कतला गेलेच नव्हते. ते आमच्या एका मोठ्या ग्राहक कंपनीच्या खरेदी अधिकाऱ्याकडे गेले होते. त्यांचे नाव आणि माझ्या चुलतभावाचे नाव एकच. ते नाव मी इथे लिहीत नाही. वाचकांच्या घरी त्या नावाचा कोणीतरी असेलच. गृहस्थ वांद्र्याचे, आपल्यातलेच, मराठी उत्तम जाणणारे. म्हणजे पत्र कळले नसेल, हीही आशा नव्हती.

मग मी आणखी एक शहाणपणा केला. आउटलुकमध्ये धाडलेले पत्र परत बोलावण्याची एक सोय आहे. ती मी घाईघाईने वापरली. ही सोय त्या काळी एकाच कंपनीच्या आतल्या आत, आणि तीही पत्र उघडले गेले नसेल तरच उपयोगी पडे, हे मला नंतर समजले. बाहेरच्या माणसाकडून पत्र परत येत नाही. उलट, अमुक विषयाचे पत्र हे गृहस्थ परत घेऊ इच्छितात, अशी आणखी एक सूचना तेव्हा त्याच्या पुढ्यात जाऊन पडे. विषयाच्या ओळीसकट. माझ्या भावाचे नाव त्या अधिकाऱ्याच्या पडद्यावर दुसऱ्यांदा झळकले, तेही माझ्याच हाताने.

सोमवारी त्यांचे उत्तर आले. इंग्रजीत, दोन ओळींचे. पत्र आपल्यासाठी नाही हे सुरुवातीलाच ध्यानात आले, म्हणून न वाचता पुसून टाकले, काळजी नसावी. त्यानंतर दर महिन्याला आमचा बिलांचा पत्रव्यवहार पूर्ववत चालू राहिला.

भावाला सांगावे की न सांगावे, या विचारात माझी दोन रात्री झोप उडाली. अखेर रविवारच्या मिस्सानंतर, चर्चच्या आवारातच त्याला बाजूला घेऊन सांगितले. तो रागावेल, ओरडेल अशी माझी अपेक्षा होती. त्याने फक्त विचारले, “दादा, माझं नाव लिहिलं होतंस?” मी मान हलवली. तो काही न बोलता सायकल घेऊन निघून गेला. त्या बुधवारी तो सभेला गेला नाही. पुढच्या बुधवारी गेला. तो एक आठवडा मी कसा काढला ते मला ठाऊक.

पत्ते वेगळे करण्याचे काम मी त्याच सुमारास हाती घेतले. संगणकात दुसरी वही उघडायला मिनिटभरही लागत नाही. पत्त्यांचा नवा कप्पा करायचा, त्याला नाव द्यायचे. मी ‘घर’ असे नाव दिले. वेळ लागला तो माणसे निवडायला. तीन दिवसांच्या जेवणाच्या सुट्ट्या त्यात गेल्या. विम्याचा एजंट माझ्या मुलीचा धर्मपिता, त्याला कुठे घालू? आमच्या खात्यातला शिपाई आईच्या दफनविधीला भर पावसात नालासोपाऱ्याहून चालत आला होता. तो काय निव्वळ कचेरीतला? आणि ज्यांच्याशी रक्ताचे नाते आहे, पण वर्षातून एकदा जमिनीच्या कागदावर सही हवी म्हणून लिहितात, ते नातलग? मी मनाशी एक कसोटी ठरवली: नोकरी सुटल्यावरही ज्याला मी नाताळचे पत्र लिहीन तो घरचा. या कसोटीने शिपाई घरात आला. बरेच जण बाहेर राहिले, त्यांत एक सख्खा मामेभाऊही होता.

हे करीत असता वडिलांची आठवण झाली. ते वसईहून दादरला फुले घेऊन जात. त्यांच्याजवळ दोन वह्या असत. एक लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची, टोपलीबरोबर फिरणारी. तीत व्यापाऱ्यांची नावे आणि येणे-देणे. दुसरी येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीखालच्या फळीवर. तीत लग्नाची आमंत्रणे द्यायची घरे, आमच्या धर्ममातापित्यांची नावे आणि ज्यांच्यासाठी मिस्सा सांगायची त्या मृतांची नावे. दादरच्या एका व्यापाऱ्याचे नाव दोन्ही वह्यांत सापडते. तसबिरीखालच्या वहीत ते आहे, पण त्याच्याकडून किती येणे होते याचा तिथे उल्लेख नाही.

वाटले, आता झाले. पण दोनच महिन्यांनी चुलतभावाचे नाव टंकताना पुन्हा तेच अधिकारी पुढे उभे! या वेळी मी पाहिले, म्हणून वाचलो. संगणक नाव सुचवतो ते पत्त्यांच्या वहीतून नव्हे. आपण ज्यांना ज्यांना आजवर पत्र धाडले, त्यांची तो एक निराळीच यादी गुपचूप ठेवतो आणि तीतून नावे काढतो. वह्या कितीही वेगळ्या केल्या तरी ही तिसरी, आपल्याला न दिसणारी वही सरमिसळच राहते. सुचवलेल्या नावावर बाणाच्या कळीने जायचे आणि पुसण्याची कळ दाबायची, म्हणजे ते नाव त्या यादीतून जाते. मी एकेक करून सारी पुसली. पुढे २००८ साली घरी संगणक घेतला, त्यात ‘थंडरबर्ड’ ही फुकट मिळणारी प्रणाली घातली. तिथे खाजगी पत्त्यांची वही आणि आपोआप गोळा झालेल्या पत्त्यांची वही अशा दोन वेगळ्या, डोळ्यांना दिसणाऱ्या वह्या असतात. हा प्रामाणिकपणा मला आवडला. त्या दिवसापासून घरचे पत्र घरच्याच खात्यातून. कचेरीच्या खात्यातली पत्रे कंपनीच्या मालकीची, तिथला संगणक सांभाळणारा ती पाहू शकतो, एवढी साधी गोष्ट इतकी वर्षे माझ्या डोक्यात शिरली नव्हती.

आता फोनने पुन्हा सगळे एकत्र केले आहे. दोन खाती एका फोनवर ठेवली की दोन्हींतली माणसे एकाच यादीत दिसू लागतात, आणि नवे नाव कोणत्या खात्यात साठवले जात आहे हे बघायला सवड कोणाला असते? माझ्या मुलीला मी ते बघायला लावतो. ती हसते.

१९५१ साली पोप बारावे पायस यांनी गब्रिएल दूताला दूरसंदेशवहनाचा आश्रयदाता म्हणून घोषित केले. नासरेथात मरिया नावाच्या मुली काही कमी नसतील. त्या काळी ते यहुदी घरांतले फार आवडते नाव होते. तरी दूत नेमक्या घरात गेला. कळ दाबण्यापूर्वी मी त्याचे नाव घेतो. घरची मंडळी यालाही हसतात.

२०१६ साली मी निवृत्त झालो. शेवटच्या दिवशी संध्याकाळी खाते बंद होणार होते. ‘घर’चा कप्पा माझ्याकडे आधीच होता. कचेरीची यादी कंपनीची. तीतले एकही नाव उचलून न्यायचे नाही असे मी ठरवले होते. पण यादीवरून नजर फिरवताना त्या खरेदी अधिकाऱ्यांच्या नावापाशी अडलो. नऊ वर्षे बिले, सवलती, थकबाकी याखेरीज आमच्यात अक्षर झाले नव्हते. माझी कसोटी लावली तर ते घरचे ठरत नव्हते. तरी कंपनीच्या यादीतून पत्ता चोरून नेण्यापेक्षा विचारावे म्हणून मी लिहिले: आज सेवानिवृत्त होत आहे, आपली हरकत नसेल तर आपला खाजगी पत्ता कळवावा, नाताळला पत्र लिहीन. खाली माझा घरचा पत्ता दिला.

चार दिवसांनी उत्तर घरच्या खात्यावर आले. या वेळी रोमन अक्षरांत मराठीत. शुभेच्छा होत्या, खाजगी पत्ता होता, आणि शेवटी एकच प्रश्न होता: तुमचे बंधू आता कसे आहेत?

मी खिडकीतून पाहिले. भाऊ विहिरीपाशी मोगऱ्याला पाणी घालीत होता. बुधवार होता, संध्याकाळी त्याला सभेला जायचे होते. आता तो तिथे नव्याने येणाऱ्यांसाठी खुर्च्या मांडतो. मी उत्तरात लिहिले, बरा आहे. मग हाक मारून त्याला ते पत्र दाखवले. त्याने ते दोनदा वाचले. “यांनी सगळं वाचलं होतं तर,” तो म्हणाला, आणि थोड्या वेळाने, “माझ्याकडूनही नमस्कार लिही.” मी विचारले, नाव घालू का. तो म्हणाला, “घाल.”

त्या रात्री तो पत्ता घरच्या वहीत उतरवला. नावापुढे शेऱ्यासाठी एक चौकट असते, तीत मी इतरांबद्दल काही ना काही लिहितो: कोणाचा मेहुणा, कुठल्या वाडीचा. इथे काय लिहावे ते सुचले नाही. चौकट रिकामीच आहे.