फुकट गेलेला ठोसा

लढतीचे व्हिडिओ गेम बनवणारा माणूस चाहत्यांच्या घोळक्यात सापडला, की त्याच्यापुढे दोन तऱ्हेचे प्रश्न येतात. पहिला खरेपणाचा असतो: ही लाथ खरोखर कुणी मारतं का, हा पवित्रा कुठल्या परंपरेतला? दुसरा जरा भांडखोर असतो: अमक्या पात्राची ती लाथ मी अडवली, तरी त्याला त्याची शिक्षा का होत नाही? पहिल्या प्रश्नाला गेमकर्ते हौसेने उत्तर देतात, कारण सांगण्यासारखं पुष्कळ असतं. ‘व्हर्चुआ फायटर’चे कर्ते, सेगाचे यू सुझुकी चिनी युद्धकलांचा अभ्यास करायला चीनला गेले होते. ‘टेकेन ३’मधला एडी गोर्डो कापुएरा ही ब्राझीलची युद्धकला खेळतो, त्याच्या हालचाली मार्सेलो परेरा या कापुएराच्या उस्तादाच्या अंगावरून टिपल्या होत्या. दुसऱ्या प्रश्नावर मात्र चकमक उडते. ‘टेकेन’चे अनेक वर्षांचे सूत्रधार कात्सुहिरो हारादा तर चाहत्यांशी थेट हुज्जत घालण्यासाठीच ओळखले जातात. वरवर पाहता पहिला प्रश्न युद्धकलेचा आणि दुसरा निव्वळ खेळाडूंच्या कुरबुरीचा. मला नेमकं उलट वाटतं. गेमने युद्धकलेकडून जे खरोखर उचललं, ते दुसऱ्या प्रश्नात आहे. पहिल्यात आहे तो पोशाख.

१९८४ साली ॲपल टू संगणकावर ‘कराटेका’ आला. त्याचा कर्ता जॉर्डन मेकनर तेव्हा येल विद्यापीठात शिकत होता. आपल्या कराटे शिक्षकाचं त्याने सुपर-८ कॅमेऱ्यावर चित्रण केलं, त्यातली एकेक चौकट गिरवून घेतली आणि ठोकळेबाज बाहुल्यांच्या त्या काळात पडद्यावर तोल सावरणारा माणूस चालू लागला. गेमच्या इतिहासात या गिरवण्याचंच कौतुक होतं. मला त्याहून मोलाचे वाटतात ते त्यातले नियम. गडावर धावत पुढे जाता येतं, पण धावणारा माणूस पवित्र्यात नसतो. तसाच शत्रूला जाऊन भिडला तर एका फटक्यात संपतो. वेग हवा की सावधपणा, हे प्रत्येक पावलाला ठरवावं लागतं. लढण्याआधी वाकून अभिवादन करता येतं आणि मग समोरचाही वाकतो. शेवटी तर खोडी अशी, की सगळ्यांना हरवून, जिला सोडवायला आलात त्या मारिकोच्या कोठडीत पवित्रा न सोडता शिरलात, तर ती एका लाथेत तुम्हालाच लोळवते. कुठे पवित्रा घ्यायचा आणि कुठे सोडायचा, हे तुटपुंज्या मेमरीच्या त्या यंत्रात मेकनरने नियम म्हणून बसवलं. गिरवलेली चित्रं आज जुनाट दिसतात. हे नियम अजून ताजे आहेत.

पुढे हीच गोष्ट फार बारीक झाली. लढतीचे बहुतेक गेम सेकंदाला ६० चौकटींच्या वेगाने पळतात आणि प्रत्येक फटक्याचा हिशेब त्या चौकटींत मांडलेला असतो: किती चौकटींनी तो सुटेल, किती वेळ लागू राहील, हात परत यायला किती वेळ जाईल. झटपट ठोसा चारएक चौकटींत लागतो. डोळ्यांनी पाहून बोट हलवायला सर्वसाधारण माणसाला सेकंदाचा पाव भाग, म्हणजे पंधराएक चौकटी लागतात. याचा अर्थ उघड आहे. तो ठोसा पाहून अडवता येत नाही, तो येणार हे आधी ओळखावं लागतं. आणि एकदा सोडलेला ठोसा सहसा परत घेता येत नाही. तो हुकला, तर हात मागे येईपर्यंत मारणारा उघडा असतो, आणि समोरच्याला तेवढंच हवं असतं. म्हणून ‘स्ट्रीट फायटर २’ (१९९१) चांगलं खेळणारी दोन माणसं बराच वेळ नुसती पुढे-मागे झुलताना दिसतात. बघणाऱ्याला वाटतं, काहीच चाललेलं नाही. प्रत्यक्षात दोघंही एकमेकांच्या ठोशाच्या टोकाशी, बोटभर बाहेर, उभे राहण्याची खटपट करत असतात. एक पाऊल पुढे टाकलं तर वार पोचेल आणि एक पाऊल मागे घेतलं तर समोरच्याचा हुकेल, असं हे अंतर केंडोत, म्हणजे जपानी तलवारबाजीत, नवशिक्याला वर्षानुवर्षं घोटावं लागतं. समोरच्याने वार उचलण्याआधी जायचं, त्याच्याबरोबर जायचं की त्याचा वार फुकट घालवून मागाहून जायचं, याचा सविस्तर विचार जपानी तलवारबाज मियामोतो मुसाशीने सतराव्या शतकातच करून ठेवला आहे. चौकटी मोजणाऱ्या पोरांनी मुसाशी वाचलेला नसतो. त्यांचं अडतही नाही.

आता गंमत अशी, की हा काळ आणि हे अंतर खरं करण्यासाठी गेमला शरीर खोटं करावं लागतं. मुरलेल्या माणसाचा ठोसा कुठून निघाला तेच कळत नाही, हीच तर त्याची कमाई. तो जसाच्या तसा पडद्यावर आणला तर मिळमिळीत दिसतो. मग गेमकर्ते फटका लागल्याच्या क्षणी दोन्ही शरीरं काही चौकटींपुरती जागीच गोठवतात. असं जगात कधी होत नाही, पण त्या थांब्यामुळे फटक्याला वजन येतं आणि पुढचं काय ते ठरवायला खेळणाऱ्याला श्वासभर उसंत मिळते. एका फटक्यातून दुसरा काढण्याची साखळीही ‘स्ट्रीट फायटर २’च्या आराखड्यात मुळात नव्हती. गाडी फोडायच्या बोनस फेरीत निर्माते नोरिताका फुनामिझु यांच्या ती लक्षात आली आणि त्यांनी ती राहू दिली. झालं असं, की हुकलेल्या ठोशाची किंमत एका फटक्यावरून तीन-चार फटक्यांवर गेली. सर्वांत बोलकं उदाहरण मात्र आपल्या नावावर जमा आहे: धालसिम. गळ्यात कवट्या, तोंडातून आग आणि रबरासारखे ताणले जाणारे हातपाय, असा हा भारतीय योगी पाहून कुणाला राग आला तर तो रास्तच आहे. पण त्याच्याशी खेळून पाहिलेल्याला कळतं, की अंतराचा धडा इतका स्वच्छ दुसरं कुठलंच पात्र देत नाही. हात अर्ध्या पडद्यावर पोचतो खरा, पण तो परत येईपर्यंत त्या लांबलेल्या हातावरच मारता येतं. लांबून मारण्याचा लोभ आणि त्याचा दंड, दोन्ही डोळ्यांसमोर ताणून दाखवलेले. शरीर सपशेल खोटं, धडा खरा. याउलट ‘व्हर्चुआ फायटर’चा अकिरा बाजीचुआन ही खरीखुरी कला खेळतो, कोपर आणि खांदा घेऊन अंगाला भिडतो. तरी त्याच्याकडून शिकायला मिळतं ते हेच, की भिडण्याआधीचे चार हात कसे ओलांडायचे.

यावर एक चांगला आक्षेप आहे. अंदाज आणि वेळ साधणं एवढंच जर युद्धकला, तर टेबल टेनिसही युद्धकला म्हणा, बुद्धिबळही म्हणा. नाही म्हणता येणार. बुद्धिबळात समोरच्याची खेळी पूर्ण होईपर्यंत आपण थांबतो. टेबल टेनिसमध्ये मध्ये जाळी असते आणि आपण चेंडूला मारतो, माणसाला नाही. इथे दोन इच्छा एकाच जागेवर, एकाच वेळी हक्क सांगतात आणि दोघींनाही एकमेकींच्या चुकीतूनच वाट मिळते. २००४ साली कॅलिफोर्नियातल्या पोमोना इथे लढतीच्या गेमच्या ‘इव्हो’ स्पर्धेत जपानचा दाइगो उमेहारा आणि अमेरिकेचा जस्टिन वोंग यांच्यात ‘स्ट्रीट फायटर ३’चा जो सामना झाला, तो याचा पुरावा म्हणून पुरेसा आहे. दाइगोच्या केन या पात्रात जीव इतका थोडा उरला होता, की वोंगच्या चुन-लीचा महाहल्ला नुसता अडवला असता तरी तो मेला असता. बचाव एकच होता: प्रत्येक फटका लागण्याच्या ऐन क्षणी कळ त्याच्याच दिशेने पुढे रेटायची. त्याने तसे १५ फटके परतवले आणि तो डाव जिंकला. लोक त्याच्या बोटांच्या चपळाईवर लिहितात. पण पहिला फटका परतवायचा तर हल्ला पुरता दिसण्याआधीच कळ रेटावी लागते. वोंग आता सोडणार, हे दाइगोने हेरलं होतं. (ती स्पर्धा त्याने जिंकली नाही, अंतिम फेरीत तो हरला, दंतकथेत हा भाग सहसा गाळला जातो.)

दुसरा आक्षेप जड आहे आणि तो पूर्ण खोडता येत नाही: दुखत नाही. नाकावर ठोसा बसलेला नाही त्याला अंतराची किंमत काय कळणार? दम लागत नाही, भीतीने पाय जड होत नाहीत, हरलं की नवं नाणं टाकायचं. हे खरं आहे आणि गेम खेळून कुणी लढवय्या होत नाही, हेही खरं. तरी जाणते गेमकर्ते या उणिवेशी झगडत आले आहेत आणि वेदना चितारण्याऐवजी त्यांनी पुन्हा किंमतच वाढवून पाहिली, हे लक्षात घेण्यासारखं आहे. ‘बुशिदो ब्लेड’ने (१९९७) जीव दाखवणारी पट्टीच काढून टाकली. तलवारीचा एक नीट वार आणि खेळ खलास. हातापायावर बसला तर तो अवयव निकामी. २०२२ साली पॅरिसच्या स्लोक्लॅपने काढलेल्या ‘सिफू’मध्ये पाक मेई शैलीचा तरुण हरला की कायमचा मरत नाही, म्हातारा होतो, प्रत्येक पराभव आयुष्यातून वजा. अशा गेममध्ये हात आखडतो, ठोसा सोडण्याआधी माणूस विचार करू लागतो. त्याला भीती म्हणवत नाही. पण कसलाच विचार न करता कळा बडवणं त्यातून सुटतं, एवढं खास.

गेमची खरी हद्द मला वेदनेपाशी नाही, स्पर्शापाशी दिसते. ठोसा आणि लाथ यांच्यामध्ये मोकळी जागा असते, ती डोळ्याला दिसते, म्हणून चौकटींत मोजता येते. कुस्तीत ती जागाच नसते. मानेवर टाकलेल्या हातातून समोरच्याचं वजन कुठल्या पायावर गेलं हे मल्लाला समजतं, आणि पट काढायचा की ढाक लावायची हे तो डोळे मिटूनही ठरवू शकतो. ज्युदोत आणि जुजुत्सूतही तेच. गेममध्ये मात्र पकड म्हणजे बहुधा एक कळ आणि तिची तोड म्हणजे दुसरी. अंदाज बरोबर आला तर सुटका, नाहीतर आपटी. ‘स्ट्रीट फायटर ईएक्स’मध्ये (१९९६) दरुण मिस्टर नावाचा भारतीय कुस्तीगीर आहे, पिळदार मिशांचा, दांडगा. त्याच्याकडे उचलून आपटणं पुष्कळ आहे. कोल्हापूरच्या तालमीत दोन पोरं मान धरून घटका-घटका एकमेकांचं वजन तोलत उभी राहतात, त्यातलं काहीच नाही. हा कर्त्यांचा आळस नव्हे. हातातली कळ समोरच्याचं वजन कळवत नाही. चाहत्यांनी गेमकर्त्यांना खरेपणाचाच प्रश्न विचारायचा असेल, तर लाथ कुठल्या परंपरेतली हे सोडून द्यावं आणि समोरच्याचं वजन हाताला कधी कळणार, हे विचारावं.