टिपणीखालच्या सह्या

आमच्या शहरातल्या जुन्या पेठेत एका पावसाळ्यात तीन मजली वाडा बसला आणि चार माणसं गेली. तेव्हा मी एका दैनिकासाठी महापालिका बघत होतो. शेजारच्या प्लॉटवर पाया खणणाऱ्या ठेकेदाराला अटक झाली. मी सलग तीन दिवस त्याच्यावर लिहिलं. त्याचं पोट, त्याची जीप, त्याच्या गळ्यातली साखळी, काही सोडलं नाही. लोकांना खलनायक मिळाला, मला शाबासकी मिळाली.

त्याच रविवारी फिल्म सोसायटीचा खेळ होता. शाळेचा हॉल, वर पत्रे, पत्र्यांवर पाऊस. ऐकू काहीच येत नव्हतं, पण चित्रपट इटालियन असल्याने त्यावाचून कुणाचं अडलं नाही. सगळी मदार खालच्या इंग्रजी ओळींवर. दोन तास निवांत बसायला मिळेल, एवढ्याच आशेने मी गेलो होतो. चित्रपट होता फ्रान्चेस्को रोझीचा १९६३ चा ‘ले मानी सुल्ला चित्ता’, म्हणजे शहरावरचे हात.

पडद्यावर नेपल्स. एदोआर्दो नोत्तोला बिल्डर आहे आणि नगरसेवकही तोच आहे. गावाबाहेरच्या रिकाम्या रानाकडे हात करून तो सोबत्यांना सांगतो की खरं सोनं इथे आहे. पालिकेने रस्ता, पाणी, गटार आणलं की भाव आपोआप चढणार. मग जुन्या गल्लीत त्याच्या बांधकामाला लागून असलेली इमारत कोसळते. मी खुर्चीत सरळ झालो. आता याला बेड्या पडणार. पण चौकशी समिती या खात्यातून त्या खात्यात फिरते आणि प्रत्येक टेबलावर तिला एकच उत्तर मिळतं: कागद नियमाप्रमाणे आहेत. परवानगी आहे, शिक्का आहे, तारीख आहे. सभागृहात आरोप झाल्यावर बाकांवरचे नगरसेवक हात वर करून दाखवतात, बघा, आमचे हात स्वच्छ. विरोधी बाकावरून त्यांच्यावर तुटून पडणारा दे व्हिता हे पात्र कार्लो फेर्मारिएल्लोने केलं आहे. तो नट नव्हता, कामगार चळवळीतला खराखुरा कम्युनिस्ट कार्यकर्ता होता. त्याचाही इलाज चालत नाही. नोत्तोला तुरुंगात जात नाही. नव्या सत्तेत बांधकाम खातंच त्याच्याकडे येतं. नव्या वसाहतीला धर्मगुरू आशीर्वाद देतात आणि जमिनीत खांब ठोकणारं यंत्र धडधडू लागतं.

ती धडधड डोक्यात घेऊनच मी घरी आलो. माझ्या तीन दिवसांच्या बातम्यांत नगररचना विभागाचं नाव एकदाही आलं नव्हतं.

सोमवारी त्या विभागात गेलो. तिथे एक कारकून होते, निवृत्तीला दोनेक वर्षं राहिलेले. सगळे त्यांना भाऊ म्हणत. मी सिनेमाची हकीकत सांगितली. ते म्हणाले, “ठेकेदार काय हो, कुणी ना कुणी असतोच. तुम्ही टिपणी बघितलीत का? खाली सह्या किती आहेत त्या मोजा.” आणि फाइल उघडी टाकून चहाला निघून गेले. सात सह्या होत्या. तिसऱ्या सहीच्या वर, शेजारच्या वाड्याला धोका आहे असा शेरा होता. चौथ्या सहीपासून तो कुणी वाचलेला दिसत नव्हता. मी ते छापलं. यथावकाश समिती बसली आणि तिने कागद नियमाप्रमाणे असल्याचं सांगितलं. दोन महिन्यांनी भाऊंची बदली जकात नाक्यावर झाली.

पुढे मी रोझीचं मिळेल ते पाहत आणि वाचत गेलो. नेपल्स हे त्याचं जन्मगाव, जन्म १९२२ चा. शिकला कायदा, पण वकिलीत रमला नाही. मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढली, रेडिओवर काम केलं. लुकिनो विस्कोन्तीच्या ‘ला तेर्रा त्रेमा’साठी तो साहाय्यक म्हणून सिसिलीतल्या आची त्रेत्सा या कोळ्यांच्या गावी गेला. १९४८ च्या त्या चित्रपटात गावचेच कोळी त्यांच्याच बोलीत बोलतात. ज्याचं दुःख त्याच्याच तोंडून ऐकायचं, हे बहुधा तो तिथे शिकला. दहा वर्षांनी स्वतःचा पहिला चित्रपट केला तो नेपल्सच्या भाजीबाजारावर मांड ठोकून बसलेल्या टोळ्यांवर.

बातमीदार म्हणून मला सगळ्यात जास्त दिलं ते १९६२ च्या ‘साल्वातोरे जुलियानो’ने. ५ जुलै १९५० ला कास्तेलव्हेत्रानोतल्या एका अंगणात जुलियानो हा सिसिलीचा दरोडेखोर मेलेला सापडला. अधिकारी म्हणाले, चकमक झाली. तोम्माझो बेसोत्सी या पत्रकाराने गावात फिरून चौकशी केली आणि ‘लेउरोपेओ’ साप्ताहिकात लिहिलं. त्याच्या मथळ्याचा भावार्थ असा की, माणूस मेला आहे, एवढंच काय ते खात्रीचं. रोझीचा चित्रपट तिथूनच सुरू होतो. पालथं पडलेलं प्रेत आणि कोरड्या आवाजात चाललेला पंचनामा. पुढच्या दोन तासांत जुलियानोचा चेहरा जवळजवळ दिसतच नाही. डोंगरावर एक पांढरा कोट हलतो, एवढंच. १ मे १९४७ ला पोर्तेल्ला देल्ला जिनेस्त्राच्या माळावर कामगार दिनासाठी जमलेल्या शेतकऱ्यांवर त्याच्या टोळीने गोळ्या झाडल्या आणि अकरा जीव गेले. झाडायला लावल्या कुणी? विटेर्बोचा खटला संपतो, जुलियानोचा विश्वासू पिशोत्ता तुरुंगात विषाने मरतो, आणि प्रश्न तिथेच राहतो. हे बघताना मला माझी साखळी आठवली, ठेकेदाराच्या गळ्यातली. चेहरा रंगवण्यात मी इतका गुंतलो होतो की त्याच्यामागे रांगेत उभी असलेली माणसं मला दिसलीच नव्हती. त्यानंतर भ्रष्टाचाराची बातमी लिहिताना मी कुणाच्या पोटाबद्दल लिहिलं नाही.

‘इल कासो मात्तेई’ मी पुण्यात पाहिला. एन्रिको मात्तेई हा इटलीच्या सरकारी तेल महामंडळाचा सर्वेसर्वा, बड्या परदेशी तेल कंपन्यांशी वैर घेतलेला. २७ ऑक्टोबर १९६२ ला सिसिलीहून मिलानला परतताना त्याचं विमान बास्कापे गावाजवळ पडलं. अपघात की घातपात? रोझी निकाल देत नाही, पुरावे मांडत जातो. कान महोत्सवात १९७२ चं सर्वोच्च पारितोषिक या चित्रपटाला विभागून मिळालं. तयारी चालू असताना मात्तेईचे सिसिलीतले शेवटचे दोन दिवस जुळवून देण्याचं काम रोझीने पालेर्मोच्या ‘लोरा’ या दैनिकातल्या माउरो दे माउरो या बातमीदाराला सांगितलं होतं. १६ सप्टेंबर १९७० च्या संध्याकाळी दे माउरोला घराजवळून उचलून नेलं. तो पुन्हा दिसला नाही, त्याचं प्रेतही सापडलं नाही. त्याला का नेलं, याचे तर्क बरेच झाले. रोझीने मात्र एक केलं. मात्तेईच्या चित्रपटात तो स्वतः रोझी म्हणून पडद्यावर आला आणि दे माउरोचं नाहीसं होणं त्याने त्याच चित्रपटात घेतलं. आपल्या कामासाठी दुसऱ्याने काय मोजलं, ते त्याने हिशेबात धरलं.

त्या रात्रीच्या एसटीत मला झोप लागली नाही. दे माउरोच्या पुढे भाऊंचं काहीच गेलं नव्हतं, फक्त एक टेबल गेलं होतं. पण दीड वर्षात मी त्यांना एकदाही भेटलो नव्हतो. बातमी माझ्या नावाने छापून आली होती, बदली त्यांच्या.

दुसऱ्या दिवशी जकात नाक्यावर गेलो. भाऊ पत्र्याच्या खोलीत पावत्या फाडत होते. मला पाहून त्यांनी स्टूल पुढे केलं, चहा सांगितला. मी कसंबसं म्हणालो, “भाऊ, माझ्यामुळे तुम्हाला...”

“बसा हो. इथे बरं आहे,” ते म्हणाले. “पावतीवर सही एकच लागते.”

चहा येईपर्यंत आम्ही दोघंही बाहेरचे ट्रक बघत बसलो. मग त्यांना काहीतरी आठवलं. “तो तुमचा सिनेमा. तुम्ही पुरता सांगितलाच नाहीत. त्या बिल्डरचं शेवटी काय होतं?”

“बांधकाम खातं त्याच्याकडे जातं.”

भाऊंनी पुढच्या ट्रकचा नंबर लिहून घेतला, पावती फाडली, खाली सही केली.

“मग खरा आहे सिनेमा,” ते म्हणाले, आणि ड्रायव्हरला हात केला.