ऐनावरील राक्षस

झाडासारखाच दिसणारा, झाडांत दडून बसणारा आणि जवळ आलेल्या वाटसरूस पुढील दोन पायांत धरून सावकाश खाणारा एक प्रचंड किडा अलीकडील अद्भुत कथांतून व चित्रपटांतून वारंवार भेटतो. कोका अभयारण्यात वाघ पाहावयास निघालेल्या आमच्या पुतण्यांस वाघापेक्षा त्याचीच ओढ अधिक. ऐन-धावड्यांच्या दाटीकडे बोट दाखवून 'तो इथे असेल का हो, काका?' असे त्यांनी विचारले, तेव्हा भंडारा जिल्ह्यात तसा राक्षस आहे की नाही, याचा विचार करणे आम्हांस भाग पडले.

शास्त्र म्हणते, नाही. कीटकास फुप्फुसे नसतात; अंगावरील छिद्रांतून हवा आत शिरते व बारीक नळ्यांवाटे सर्वांगास पोहोचते. बोटभर देहास ही योजना उत्तम. घराएवढ्या देहास ती कशी पुरावी? शिवाय देह सर्व बाजूंनी दुप्पट केला, तर वजन आठपट होते, पण पायांच्या आडव्या छेदाचे क्षेत्रफळ चौपटच होते. पुढे १९५७ साली भारतात येऊन राहिलेले शास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी हीच गोष्ट १९२६ साली एका सुंदर निबंधात समजावून दिली होती. सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी चतुरासारखे दोन-सव्वादोन फूट पंखविस्ताराचे कीटक होऊन गेले. परंतु मनुष्यास गिळील असा कीटक तेव्हाही नव्हता.

तथापि 'प्रचंड' हा शब्द मोठा लबाड आहे. तो कोणी उच्चारावा, यावर त्याचा अर्थ ठरतो. आमच्या जिल्ह्यात पावसाळा लागला की ऐन व अर्जुन यांच्या झाडांवर कोशाच्या अळ्या सोडतात. अंड्यातून निघालेली ही अळी जेमतेम पाव इंच असते. त्याच पानांत तीन इंचांचा प्रार्थना-कीटक बसलेला असतो. साडेपाच फुटी मनुष्यासमोर सहासष्ट फुटांचा शिकारी उभा करावा, तसे हे प्रमाण आहे. म्हणजे कथेतील राक्षस आहेच. फक्त तो आपल्यासाठी नाही.

त्याचे रूप पाहावे. अंग पानासारखे हिरवे, मान लांब, त्रिकोणी डोके हवे तिकडे वळणारे आणि काटेरी पुढचे पाय छातीशी जोडलेले. पाश्चात्यांस या जोडलेल्या पायांत प्रार्थना दिसली. बकध्यान हा शब्द ज्यांच्या भाषेत आहे, त्यांस मात्र फसण्याचे कारण नाही. भक्ष्य टप्प्यात येताच ते पाय सेकंदाच्या दहाव्या भागाच्याही आत झडप घालतात.

यात मौज वाटावी ती आपणांस. ज्या ढिवर कुटुंबाने अळ्या झाडावर सोडल्या, त्याच्या वर्षाच्या मिळकतीचा एक भाग त्या पानांवर चरत असतो. महिना-दीड महिना अळी चार वेळा कात टाकून वाढते आणि कोश विणते, तोवर रानात पहारा करावा लागतो. पाखरांस हाकलता येते. या किड्यावर मात्र दगड चालत नाही आणि विषही चालत नाही, कारण किड्यास मारणारे विष अळीसही मारते. उरतो तो केवळ डोळा. अशा एका म्हाताऱ्यास आम्ही विचारले, 'बाबा, इतक्या पानांत हा तुम्हांस दिसतो तरी कसा?' तो म्हणाला, 'वाऱ्यानं पान हालते, गुर्जी. हा वारा नसतानी बी हालते.' वाऱ्यावर डुलणाऱ्या पानाचे सोंग घेण्याची या किड्याची सवय शास्त्रज्ञांनीही टिपली आहे. म्हाताऱ्याने ती वारा मोजून पकडली होती.

त्या किड्यास दुष्ट म्हणावे, तर तेही जमत नाही. शेजारच्या धानाच्या बांधीत तोच पिकावरील किडी खातो व शेतकऱ्याचा मित्र ठरतो. आणि अळी तरी कोठली गरीब? ऐनाच्या दृष्टीने तीच हावरी. मित्र आणि शत्रू ही नावे रानाने दिलेली नाहीत. ज्याचे पोट ज्यावर अवलंबून, त्याने ती ठेवली आहेत.

हे कोश पुढे सुताच्या रूपाने आंधळगाव-मोहाडीकडील कोष्ट्यांच्या मागांवर चढतात. आपल्या घरांतून पूजेस कोसा नेसतात, लग्नकार्यात करवतकाठी मिरवते; दुकानात आपण पोत चाचपतो, काठ पाहतो आणि दोन रुपये कमी करावयास सांगतो. त्या वस्त्राच्या किमतीत सूत धरलेले असते, विणकराचे हात थोडेबहुत धरलेले असतात. पावसात झाडाखाली उभे राहून, वारा नसता कोणते पान हलते हे पाहणारे डोळे मात्र कोणत्याच हिशेबात धरलेले नसतात. ढिवराच्या मुलाने उद्या हा पहारा सोडून शहराची वाट धरली, तर त्यास नावे ठेवण्यापूर्वी आपण हा हिशेब एकदा नीट मांडावा, असे आम्हांस वाटते.