मासेमारीचा बेत

रविवारी सकाळी खंडेराव मार्केटात जाऊन आठवड्याची भाजी आणावयाची, हा आमच्या घराण्याचा तीन पिढ्यांचा शिरस्ता आहे. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या कारभारास पंचवीस वर्षे पूर्ण झाली त्या निमित्ताने १९०६ साली ही वास्तू उभी राहिली. ज्या खंडेराव महाराजांच्या राणी जमनाबाई यांनी त्यांना दत्तक घेतले होते, त्यांचे नाव महाराजांनी तिला दिले. पुढल्या राजवाड्यासारख्या इमारतीत महानगरपालिकेची कचेरी आहे आणि पाठीमागे भाजी, फळे व फुले. पुढे कर भरावा आणि मागे कोथिंबीर घ्यावी, अशी ही सोय आहे. आमचे आजोबा १९३४ साली कारवारहून बडोदे संस्थानच्या नोकरीत आले. त्यांनी पहिल्या पगाराची भाजी येथूनच घेतली, असे घरात सांगतात. तेव्हापासून आम्ही घरी कोंकणी, कोर्टात गुजराती आणि लिहावयास मराठी, अशा तीन पाण्यांत पोहत आहोत.

अशाच एका रविवारी आम्ही तोंडली निवडीत होतो. इतक्यात खिशातला फोन वाजला. सिएटलहून धाकटा भाऊ बोलत होता. "दादा, येत्या जुलैत तू आणि अण्णा इकडे या. आपण अलास्काला मासे धरायला जाऊ. दोन दिवस नदीवर सॅमन, दोन दिवस समुद्रात हॅलिबट. वाटाड्या, होडी, गळ सगळे त्यांचे. तिकिटे मी काढतो." आमच्या हातातले तोंडले हातातच राहिले. गेली सात वर्षे या भावाचे आमच्याशी बोलणे प्रकृतीची चौकशी आणि सणाच्या शुभेच्छा यांपलीकडे गेले नव्हते.

वकिलाला कोणी आनंदाची बातमी दिली तरी तो प्रथम कागद मागतो. आम्हीही मागितले, आणि ते आले. आम्ही नवी फाईल उघडली आणि तिच्यावर सुवाच्य अक्षरांत 'मासेमारी' असे लिहिले. त्या फाईलने आमचे दोन महिने मोठ्या सुखात घालविले.

पहिला कागद वाटाड्याच्या कराराचा. तो होडी देईल, काठी व आमिष देईल, कोणत्या वळणावर मासा थांबतो ते दाखवील, धरलेला मासा साफ करून गोठवूनही देईल. मासा गळाला लागेलच, असे मात्र तो कोठेही म्हणत नाही. इसाराची रक्कम परत मिळणार नाही. समुद्र खवळला, पाय घसरला, गळ बोटात रुतला, तर जोखीम आमची. हे वाचताना या न पाहिलेल्या माणसाबद्दल आम्हांला बंधुभाव वाटू लागला. आम्ही तरी अशिलाला दुसरे काय सांगतो? प्रयत्न आमचा, निकाल आमच्या हाती नाही, आणि फी आगाऊ!

दुसरा कागद पंचांगाचा. तो करारात नव्हता, आईने जोडला. चातुर्मासात आमच्या घरी मासळी शिजत नाही. हा नेम अलास्काच्या नदीकाठीही लागू आहे की नाही, या मुद्द्यावर आईने आमचा युक्तिवाद ऐकूनही घेतला नाही. तिकडे रुपेरी सॅमनचा हंगाम ऑगस्ट-सप्टेंबरचा, म्हणजे तो बाद. परंतु २०२६ च्या पंचांगात अधिक ज्येष्ठ निघाला. त्यामुळे पुढचे महिने सरकले आणि आषाढी एकादशी २५ जुलैपर्यंत लांबली. केनाई नदीत लाल सॅमनची मोठी झुंड चढते ती जुलैतच. अधिक मासाचे पुण्य थोर म्हणतात, त्याचा असा प्रत्यय आम्हांला प्रथमच आला.

याहून मोठी गंमत वारांची. सोमवार, गुरुवार, शनिवार पाळणाऱ्या आमच्या लोकांत बुधवार हा मासळीचा हक्काचा वार. तिकडे होमर गावाहून वाटाड्याबरोबर हॅलिबटला जाणाऱ्यांना अलीकडच्या वर्षांत नेमका बुधवार बंद असतो! हॅलिबट म्हणजे आपल्या लेपीचा अजस्र भाऊबंद. लहानपणी त्याचे डोळे दोन बाजूंना असतात. पुढे एक डोळा डोक्यावरून सरकून दुसऱ्याशेजारी येतो, आणि मग तो जन्मभर तळाशी आडवा पडून वर पाहत राहतो. तो दोनशे किलोंहूनही अधिक वाढतो. त्याच्या रक्षणासाठी अमेरिका व कॅनडा यांनी १९२३ साली करार करून एक आयोग नेमला. तो आजही दर वर्षी किती हॅलिबट धरावयाचे ते ठरवितो. ते लोक वार पाळतात ते या हिशेबापोटी आणि आपण पाळतो ते देवापोटी. मासा मात्र दोन्हीकडे एक दिवस सुटतो. आईला हे सांगितले तेव्हा अमेरिकेबद्दल तिचे मत प्रथमच बरे झाले. तिची शंका एकच उरली. तेथे जुलैच्या आरंभी सूर्य रात्री अकराच्या पुढे मावळतो. मग दिवेलागण करावयाची कधी?

तिसरा कागद आम्ही स्वतःच्या हौसेने मिळविला. अलास्का १९५९ साली अमेरिकेचे घटक राज्य झाले. त्याच्या राज्यघटनेत माशांसाठी स्वतंत्र कलमे आहेत. नैसर्गिक स्थितीतले मासे सर्व लोकांच्या सामाईक उपयोगासाठी राखलेले आहेत, आणि जे पुन्हा निपजते त्याचा वापर निपज टिकेल अशाच बेताने करावयाचा, हा त्यांचा आशय. हा नुसता कागदावरचा नेम नव्हे. केनाईच्या पात्रात ध्वनिलहरींची यंत्रे बसवून वर चढणारे मासे मोजतात. अंडी घालण्यास पुरेसे मासे वर गेले पाहिजेत. आधी नदीचा वाटा, मग माणसाचा. याच केनाईत १९८५ साली सत्त्याण्णव पौंडांचा, म्हणजे चव्वेचाळीस किलोंचा, राजा सॅमन एका माणसाने गळाने धरला. गळाने धरलेल्या राजा सॅमनमध्ये तो जगातला विक्रम ठरला. त्याच नदीत राजा सॅमनची संख्या घटताच २०२३, २०२४ आणि २०२५ या तिन्ही वर्षी त्याची हौशी मासेमारी बंद ठेवण्यात आली. ज्या नदीच्या किर्तीवर गावांची पोटे भरतात ती नदी बंद करण्यास धैर्य लागते. आमच्या देशातही १८९७ च्या कायद्याने सुरुंग लावून वा विष कालवून मासे मारणे हा गुन्हा ठरविला. परंतु गुन्हा ठरविणे निराळे आणि दर वर्षी उभे राहून मोजणे निराळे.

ही तयारी झाल्यावर एका रात्री आम्ही अण्णांपुढे फाईल ठेवली. अण्णांचे वय ऐंशी. कारवारजवळ सदाशिवगडास आमचे वडिलोपार्जित घर होते. तेथे ते दर मे महिन्यात जात आणि काळी नदी समुद्राला मिळते तेथल्या खडकांवर तंगूस व गरी घेऊन तासन्‌तास बसत. आम्ही लहानपणी त्यांच्या शेजारी बसून आमिषाचा डबा सांभाळला आहे. सॅमन म्हणताच त्यांनी चष्मा लावला आणि हा मासा करतो काय, असे विचारले.

आम्ही सांगू लागलो. सॅमन गोड्या पाण्यात जन्मतो, लहानपणी समुद्रात उतरतो, तेथे काही वर्षे वाढतो आणि एक दिवस परत फिरतो. हजारो कोसांच्या पाण्यातून तो आपल्या जन्माच्या नदीचे मुख शोधतो. ही ओळख वासाची असावी, असे हॅस्लर व विस्बी या दोन अमेरिकन संशोधकांनी १९५१ साली मांडले, आणि पुढील प्रयोगांनी त्याला आधार मिळाला. नदीत शिरल्यावर तो अन्न सोडतो, प्रवाहाविरुद्ध चढतो, जेथे जन्मला त्या खडीत अंडी घातली जातात, आणि तेथेच तो देह ठेवतो.

अण्णांनी फाईल मिटली. "म्हळ्यार ती कुळारा वता, बाळंतपणाक. आनी तुमी वाटेर तिका गरी घालतले?"

आम्ही वकिली केली. आम्ही मोजदादीचे सांगितले, राज्यघटनेचे सांगितले, नदीचा वाटा आधी काढून ठेवतात हे सांगितले. त्यांनी ते सारे मान्य केले. मोजून खाणाऱ्याला दोष नाही, असेही म्हणाले. मग ते आपल्याच नर्मदेबद्दल बोलू लागले. बडोद्याहून पाऊणशे किलोमीटरांच्या आत भडोच आहे. पावसाळ्यात समुद्रातून हिलसा, आपला पाला, नर्मदेत चढतो, तोही अंडी घालण्यासाठीच. सॅमनसारखा तो मरत नाही, पुन्हा समुद्राला जातो. अण्णांच्या तरुणपणी आषाढात भडोचहून आलेला पाला घरी शिजे, आणि त्यातल्या काट्यांवरून आजी मुलांना दटावी. पुढे नर्मदेवर सरदार सरोवर झाले. २०१७ च्या सप्टेंबरात त्याचे लोकार्पण झाले. त्याचे पाणी कोरड्या गावांना मिळाले, हे खोटे नाही. पण खाली येणारा गोड्या पाण्याचा ओघ घटला आणि हिलसाही घटला. त्याच वर्षी ऑक्टोबरात मुखाजवळ भाडभूत येथे बंधाऱ्याची पायाभरणी झाली, तेव्हा माशाची वाटच बंद होईल म्हणून तेथल्या मच्छीमारांनी विरोध केला. "ज्याला परत यायचे असते," अण्णा मराठीत म्हणाले, "त्याची वाट उघडी ठेवावी लागते."

थोडा वेळ ते गप्प राहिले. मग आमच्याकडे न पाहता हळूच म्हणाले, "नुस्तें परतून येता. भुरगो तिकेट धाडटा."

त्या रात्री आम्हांला झोप आली नाही. याचे कारण वाचकांस सांगितले पाहिजे. सदाशिवगडचे ते घर सात वर्षांपूर्वी विकले गेले. घर पडायला आले होते, राहणारे कोणी नव्हते, अण्णांच्या हृदयावरील उपचारांस पैसा हवा होता. ही कारणे तेव्हा खरी होती आणि आजही खरी आहेत. भाऊ फोनवर एवढेच म्हणाला होता, की एक वर्ष थांब, मी येऊन पाहतो. त्याचे मुखत्यारपत्र आमच्यापाशी होते. आम्ही थांबलो नाही. खरेदीखताचा मसुदा आम्हीच केला, आणि तो निर्दोष होता. कायद्याने आमच्याकडे बोट दाखविता येणार नाही, याची आम्ही पुरती काळजी घेतली होती. त्यानंतर भाऊ घरी आला नाही. नर्मदेवरच्या बांधाबद्दल आम्ही अण्णांपुढे मान डोलावीत बसलो, त्या वेळी आमच्या हातचा हा बांध आम्हांला दिसला नव्हता. अण्णांना तो सात वर्षे दिसत होता. ते बोलले मात्र त्या रात्रीच.

सकाळी आम्ही भावाला फोन केला. करार, पंचांग, बुधवार यांपैकी काहीच काढले नाही. घराच्या वेळी तू थांब म्हणालास आणि मी थांबलो नाही, ते चुकले, एवढेच सांगितले. हे वाक्य उच्चारण्यास आम्हांला सात वर्षे लागली आणि ते संपावयास दहा सेकंदही लागले नाहीत. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग त्याने विचारले, "अण्णा अजून गरी बांधतात?" आम्ही म्हणालो, हात कापतो, पण गाठ विसरलेले नाहीत. तो म्हणाला, "अण्णाक सांग, हांव येतां."

तेव्हा बेत बदलला आहे. अलास्का रद्द झालेले नाही. कोर्टाच्या भाषेत पुढची तारीख पडली आहे. नारळी पौर्णिमेला आम्ही तिघे सदाशिवगडास जाणार. घर आता दुसऱ्याचे आहे, म्हणून उतरावयाचे कारवारात, एका साध्या खाणावळीच्या माडीवर. काळी नदीचे मुख मात्र अजून कोणी कोणाला विकलेले नाही. श्रावण असल्यामुळे मासे धरावयाचे नाहीत. नारळ अर्पण करावयाचा आणि खडकावर बसून पाहावयाचे, एवढेच. मासेमारीच्या सहलीत मासा वर्ज्य, हे कलम आईचे आणि त्यावर अपील नाही. वाटाड्या म्हणून अण्णा येतील. त्यांनीही मासा लागेल असे आश्वासन दिलेले नाही.

काल रविवार होता. खंडेराव मार्केटात तोंडली निवडताना भाजीवाल्या मावशींनी विचारले, "साहेब, यंदा जरा जास्त घेताय?" आम्ही म्हणालो, "आज नाही. श्रावणात घेऊ. घरात एक माणूस वाढणार आहे."