चार तारांचा खर्ज

लग्नाच्या स्वागतसमारंभात व्यासपीठावर पाच-सहा वादक उभे असतात. गायकाचे नाव सर्वांना ठाऊक असते. लीड गिटार वाजविणाऱ्याच्या बोटांकडे तरुण मुले डोळे लावून बसतात. ड्रमवादकाने हातातली काठी हवेत फिरविली की टाळ्या पडतात. या सर्वांच्या मागे, बहुधा ड्रमच्या शेजारी, एक मनुष्य लांब मानेची, चार तारांची गिटार घेऊन शांतपणे उभा असतो. तो नेमके काय करतो, असे विचारले तर बहुतेक पाहुण्यांना उत्तर देता येणार नाही. तथापि तो मध्येच थांबला, तर नाचणाऱ्यांची पावले अडखळतात आणि काहीतरी हरवल्यासारखे वाटून माणसे व्यासपीठाकडे पाहू लागतात. १९८६ ते १९९१ या पाच वर्षांत वसई पट्ट्यातल्या मांडवांतून आणि मुंबईतल्या सभागृहांतून तो मागे उभा असलेला मनुष्य म्हणजे आम्ही होतो.

या वाद्याला आपल्याकडे बेस गिटार म्हणतात. बेस म्हणजे पाया, असा अनेकांचा समज असतो. वस्तुतः हा शब्द ‘खालचा’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आलेला आहे. पाया या अर्थाचा शब्द निराळा, तो मूळचा ग्रीक. परंतु लोकांचा अर्थ चुकलेला नाही. घराचा पाया जमिनीखालीच असतो. नेहमीच्या गिटारीच्या चार जाड तारा घ्याव्यात आणि त्या एक सप्तक खाली उतरवाव्यात, म्हणजे हे वाद्य झाले. त्यातली सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. लिओ फेंडर या अमेरिकन कारागिराने १९५१ साली अशी गिटार बाजारात आणली, त्याआधी हे काम मनुष्याहून उंच असा उभा डबल बेस करीत असे. तो बसमध्ये मावत नसे आणि ड्रमच्या गोंगाटात ऐकूही येत नसे. नवे वाद्य गळ्यात अडकवून नेता येऊ लागले आणि गरीब हौशी वादकांची सोय झाली.

आपल्या संगीतात या वाद्याचे भावंड शोधायचे तर ते तानपुऱ्यात सापडेल. गवयाच्या मागे बसून तानपुरा छेडणाऱ्या शिष्याकडे श्रोत्यांचे लक्ष नसते. परंतु खर्जाची तार उतरली तर गवय्याचा षड्ज उघडा पडतो. फरक इतकाच की तानपुरा आपल्या जागी स्थिर राहतो, तर बेसला गाण्याबरोबर चालावे लागते. स्वरसंगती बदलली की त्याने त्या स्वरसंगतीचा मूळ स्वर बरोबर पहिल्या ठोक्याला पायाखाली ठेवायचा असतो. तो आधी आला तर गाणे ढकलल्यासारखे होते. उशिरा आला तर ओढल्यासारखे.

आमच्या बँडमध्ये सहाजण होतो. ड्रमवादक रेल्वेच्या कारखान्यात कामाला होता. कीबोर्डवाला शाळेत गणित शिकवीत असे. दोन गिटारवाले भाऊ फुलांच्या वाडीवाले. पहाटे चारच्या गाडीने त्यांच्या घरची फुले दादरला जात. गायक बँकेत कारकून होता आणि आम्ही महाविद्यालयात नावापुरते शिकत होतो. तालीम केळीच्या वाडीतल्या विहिरीजवळच्या खोपटात होई. पंधरा इंची स्पीकर आम्ही लॅमिंग्टन रोडवरून आणला आणि गावच्या सुताराकडून त्याला प्लायवूडची पेटी करवून घेतली. ती उचलायला दोन माणसे लागत. मुंबईचा कार्यक्रम असला की ती लोकलच्या मालडब्यात कोळणींच्या पाट्यांमध्ये बसे आणि घरी आल्यावर तीन दिवस तिला बोंबलाचा वास येई.

बेसच्या तारा तेव्हा सहजासहजी मिळत नसत आणि मिळाल्या तरी परवडत नसत. कुणाचा मामा आखातातून यायचा असला की महिना महिना आधी त्याला पत्र जाई. जुन्या तारांचा आवाज मंदावला की आम्ही त्या काढून पातेल्यात पाणी घालून दहा मिनिटे उकळीत असू. घामाचा आणि बोटांचा मळ निघून जाई आणि तारा पुन्हा पंधरा दिवस झणझणीत वाजत. आईने ते पातेले आमच्या नावानेच वेगळे काढून ठेवले होते. मांडवातली वीज हा आणखी एक प्रश्न. अर्थिंग नसले की एक हात तारांवर ठेवून ओठ मायक्रोफोनला लागताच झटका बसे. त्यामुळे आमचा गायक नेहमी मायक्रोफोनला रुमाल बांधून गात असे. पाहुण्यांना ती नव्या धर्तीची शैली वाटे.

वाचकांपैकी अनेकांनी अशा समारंभांत पावले टाकली असतील. वधूवरांचे आगमन, मार्च, केक, पहिला वॉल्ट्झ, मग फॉक्सट्रॉट, मग जुनी इंग्रजी गाणी आणि शेवटी सर्व वयांची माणसे एकत्र येतात तो मसाला. वॉल्ट्झमध्ये तीन ठोके असतात. पहिला बेसचा, उरलेले दोन इतरांचे. ऐकायला सोपे वाटते आणि आहेही. परंतु दहा मिनिटे तोच एक ठोका, त्याच वजनाने, मोह न होऊ देता वाजविणे ही निराळीच साधना आहे. तरुणपणी बोटे शिवशिवतात. दोन ठोक्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत काहीतरी कसब दाखवावे असे वाटते. आमचा ड्रमवादक वयाने आमच्याहून नऊ वर्षांनी मोठा; आम्ही त्याला दादा म्हणत असू. तो एकदा म्हणाला, “बाळा, ती जागा रिकामी नाही. तिथे लोक नाचतायत.” बेसवादनाविषयी याहून शहाणे वाक्य आम्ही पुढे कुठल्याही पुस्तकात वाचले नाही.

दादाने शिकविलेला दुसरा नियम असा की, व्यासपीठावर बेसवाल्याने ड्रमवाल्याशी वाद घालायचा नाही. ड्रमची लय किंचित पुढे गेली तर आपणही पुढे जावे, मागे पडली तर मागे. दोघे एकत्र चुकले तर ती चूक राहत नाही, ती त्या रात्रीची लय होते. एकटाच बरोबर राहिला, तर मात्र गाणे मोडते. हिशेब घरी गेल्यावर करावा. हा नियम आम्हांला त्या वयात पटत नसे, कारण घड्याळाप्रमाणे बरोबर असणे हाच मोठा गुण आहे, अशी आमची समजूत होती.

हौशी या शब्दाकडे लोक थोडे खालच्या नजरेने पाहतात. त्यासाठी इंग्रजीत जो शब्द आहे, तोही लॅटिनमधल्या ‘प्रेम करणारा’ या अर्थाच्या शब्दापासून आलेला आहे. पाकिटात आलेले पैसे टेम्पो, स्पीकरचा हप्ता आणि चहापाणी यांत संपत. शेवटची लोकल चुकली की फलाटावर पेटीला टेकून पहाटेची वाट पाहावी लागे. दादा तसाच सकाळच्या पाळीला जाई. तरीही पुढच्या रविवारी सहाहीजण हजर असत. ज्याच्यावाचून पोट अडत नाही आणि तरी जे सोडवत नाही, त्याचेच नाव हौस.

ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेतवर आक्रमण केले, तेव्हा गिटारवाल्या भावांपैकी धाकटा सहा महिन्यांपूर्वीच तिथे नोकरीला गेलेला होता. तो परतला तो एका पिशवीनिशी. गिटार तिथेच राहिली. गायकाची बदली झाली. १९९१ साली आम्ही सेमिनरीत दाखल झालो आणि बँड संपला. कुणी कुणाशी भांडले नाही. हौशी बँड बहुधा असेच संपतात.

सेमिनरीत आम्ही ग्रेगोरियन गायन शिकलो. त्याला खालचा स्वर नसतोच. सर्व कंठ एकाच रेषेवर चालतात. प्रारंभी आमचे कान त्या रेषेखाली काहीतरी शोधीत राहत. पुढे पाइप ऑर्गन वाजविणाऱ्याच्या मागे उभे राहण्याची संधी मिळाली तेव्हा उलगडा झाला: आमचे काम तो दोन्ही पायांनी करीत होता. उपासनेत कोणती वाद्ये असावीत, याविषयी ख्रिस्तसभेचा इतिहासही आम्ही तेव्हाच वाचला. दहावे पायस यांनी १९०३ साली चर्चमध्ये पियानो आणि ढोलासारखी गोंगाटाची वाद्ये वाजविण्यास मनाई केली होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली पाइप ऑर्गनचा मान राखून, स्थानिक धर्माधिकाऱ्यांच्या संमतीने इतर योग्य वाद्यांना दार उघडले. १९६७ च्या सूचनापत्रात लोकांच्या संस्कृतीचा विचार करण्यास सांगितले आहे, आणि जी वाद्ये सर्वसामान्य मते केवळ ऐहिक संगीतासाठीच आहेत, ती वगळावीत असेही म्हटले आहे. बेस गिटार यांतल्या कुठल्या कप्प्यात बसते, हे वाद्यावरून ठरविणे कठीण आहे. ते वाजविणारा मधली जागा मोकळी ठेवतो की भरून टाकतो, यावरून बरेचसे ठरते, असे आमचे मत आहे.

खाली राहणाऱ्यांची नावे वर येत नाहीत, ही या व्यवसायाची जुनी रीत आहे. अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात जेम्स जेमर्सन नावाचा वादक होता. मोटाउन कंपनीच्या १९६० च्या दशकातल्या कितीतरी लोकप्रिय गाण्यांचा बेस त्याचा. तो उजव्या हाताच्या एकाच बोटाने वाजवी आणि तारा वर्षानुवर्षे बदलीत नसे. त्या तबकड्यांवर वादकांची नावे नसत. मार्विन गे यांच्या १९७१ सालच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या तबकडीवर त्याचे नाव आले आणि १९८३ साली तो वारला. आपल्याकडेही फार वेगळे घडले नाही. सेबॅस्टियन डिसोझा, चिक चॉकलेट, अँथनी गोन्साल्विस या गोमंतकीय वादकांनी हिंदी चित्रपटसंगीताला वाद्यमेळाची घडण दिली, परंतु श्रोत्यांच्या ओठांवर नावे राहिली ती संगीतकारांची आणि गायकांची. गोन्साल्विस यांचे नाव तरी १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यामुळे, म्हणजे त्यांचे शिष्य प्यारेलाल यांच्या कृतज्ञतेमुळे, घरोघरी पोहोचले.

आज लग्नांत पाच-सहा जणांचा बँड क्वचितच दिसतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर ध्वनिवर्धकाला बंदी आली; ती योग्यच आहे, कारण खर्जाचा स्वर भिंती मानीत नाही आणि शेजारच्या आजाऱ्याच्या छातीत जाऊन घुमतो. परंतु तीन तासांच्या समारंभासाठी सहा माणसांना कोण बोलावील? एक कीबोर्ड सहाजणांचे काम करतो आणि त्यातही पहिली गदा बेसवर येते, कारण तो यंत्रात आधीच भरलेला असतो. त्या यंत्राची लय कधीही चुकत नाही. तक्रार तिच्या अचूकपणाविषयी नाही. ती कुणाचे ऐकत नाही, एवढेच आमचे म्हणणे आहे.

हे आम्हांला पूर्णपणे कळले ते २०२३ च्या मे महिन्यात. दादाच्या मुलीचे लग्न होते. दोन वर्षांपूर्वी त्याला अर्धांगवायूचा झटका येऊन डावी बाजू लुळी पडली होती. मुलीने आग्रह धरला की, पहिला वॉल्ट्झ पप्पांनी वाजवावा. सकाळी आम्ही लग्नाचा मिस्सा अर्पण केला आणि सायंकाळी झगा काढून ठेवून बेस गळ्यात अडकविला. दादाला दोघांनी धरून ड्रमवर बसविले. डावा हात मांडीवर ठेवून दिला. उजव्या पायाने पहिला ठोका आणि उजव्या हाताने उरलेले दोन. वॉल्ट्झला याहून अधिक काही लागतही नाही. त्याच्या पायाखालचा पहिला ठोका आणि आमचा स्वर एकमेकांवर पडू लागले. दुसऱ्या कडव्यानंतर त्याचा पाय थकू लागला. लय हळूहळू उतरली. गिटारवाल्याने मागे वळून पाहिले. आम्ही मान हलवून ‘चालू दे’ म्हटले आणि दादाच्या पायाबरोबर खाली उतरत गेलो. गायक आला, गिटारी आल्या, आणि शेवटी नाचणारेही आले. मुलगी आणि जावई इतक्या संथपणे गिरक्या घेत होते की, पाहुण्यांना ते ठरवूनच केले आहे असे वाटले. यंत्र त्या रात्री अगदी बरोबर वाजले असते आणि दादाला एकट्याला मागे टाकून पुढे निघून गेले असते.

गेल्या वर्षापासून आमच्या धर्मग्रामातली एक अकरावीतली मुलगी आमच्याकडे बेस शिकते. सहा महिने तिने मूळ स्वर आणि पंचम यांपलीकडे फारसे काही वाजविलेले नाही. तिची आई मध्यंतरी भेटली आणि संकोचाने म्हणाली, “फादर, हिचे वाजवणे गाण्यात ऐकूच येत नाही.” आम्ही तिला पुढच्या रविवारी गायनमंडळाच्या तालमीला बोलाविले आणि एका गीताच्या मध्यावर मुलीला खुणेने थांबविले. चार ओळी बेसवाचून झाल्या. मग तिने पहिल्या ठोक्याला खालची तार छेडली. आई काही बोलली नाही. तिने फक्त हातातली पिशवी बाकावर ठेवली आणि तालीम संपेपर्यंत बसून राहिली.