खवळलेल्या समुद्रावरचा एक दिवस

रायपूरच्या उत्तरेला, उरला औद्योगिक क्षेत्राला खेटून असलेल्या बीरगांवात समुद्राची आठवण व्हावी असे काहीच नाही. कारखान्यांच्या चिमण्या, लोखंडाने लादलेले ट्रक आणि वस्ती संपली की धानाची शेते. येथल्या माणसाला जवळचा समुद्र म्हणजे विशाखापट्टणम. महासमुंद, टिटलागढ, रायगडा करत आगगाडी पाचशेहून अधिक किलोमीटर धावते, तेव्हा कुठे लाटा दिसतात.

विशाखापट्टणमला २०२३ साली क्रूझ जहाजांसाठी स्वतंत्र टर्मिनल झाले. त्याआधी, जून २०२२ मध्ये, ‘एम्प्रेस’ हे क्रूझ जहाज तेथे येऊन गेले होते. परंतु मध्यमवर्गीय कुटुंबाच्या खिशाला मानवणारा लांबचा जलप्रवास म्हणजे अंदमानची प्रवासी बोट. अंतर सुमारे १२०० किलोमीटर, वेळ अडीच दिवसांच्या आसपास. त्यात एक दिवस असा येतो की किनारा ना मागे दिसतो, ना पुढे. नेमक्या त्याच दिवशी समुद्र खवळला तर?

ऑक्टोबर ते डिसेंबर हे बंगालच्या उपसागरातील वादळांचे दिवस. हवा बिघडल्याची पहिली वर्दी आकाश देत नाही, चहाचा पेला देतो. पेला टेबलावरून आपोआप सरकू लागतो. बर्थखालच्या चपला या टोकाकडून त्या टोकाकडे जातात आणि परत येतात. थोड्याच वेळात खलाशी डेककडे जाणारे दरवाजे बंद करतात. काल याच डेकवरून ‘डॉल्फिन्स नोज’ टेकडी दिसेनाशी होईपर्यंत हात हलवणारी मुले आता काचेला नाक लावून बसलेली असतात. बाहेर करडे पाणी, करडे आकाश आणि मधली रेघ पुसलेली.

थंडीचे म्हणाल तर रायपूरच्या डिसेंबरातल्या पहाटेपेक्षा येथला पारा कितीतरी वर असतो. तरीही ओला वारा आणि वातानुकूलित दालन मिळून अंगात हुडहुडी भरवतात. ‘समुद्रावर कसली आली थंडी’ म्हणून स्वेटर घरी ठेवून आलेल्यांना मग चादरी गुंडाळून बसावे लागते.

जहाज दोन तऱ्हांनी हलते. एक, कुशीवर डोलणे. दुसरी, नाळ वर चढणे आणि धाडकन खाली येणे. ही दुसरी तऱ्हा पोटाला सोसत नाही. कानाच्या आतला तोल सांभाळणारा अवयव सांगतो, ‘आपण हलतो आहोत,’ आणि खोलीच्या स्थिर भिंती पाहणारे डोळे सांगतात, ‘मुळीच नाही.’ या भांडणातून मळमळ सुरू होते. यात लाजण्यासारखे काही नाही; नौदलात जन्म घालवलेल्या नेल्सनलाही बोट लागत असे. जहाजाच्या मधल्या भागात, शक्यतो खालच्या मजल्यावर आडवे व्हावे, डोळे मिटावेत किंवा खिडकीतून दूर पाहावे, पुस्तक बाजूला ठेवावे. पोट अगदी रिकामे ठेवू नये. मुरमुरे, भाजके चणे, आल्याचा तुकडा बरा. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून, आणि त्रास सुरू होण्याआधी. हौसेने बरोबर आणलेल्या तळलेल्या ठेठरीचा डबा मात्र त्या दिवशी उघडूच नये.

अशा वेळी पाहण्यासारखी असतात ती बेटांवर राहणारी माणसे. पर्यटकाला हे जहाज म्हणजे सहल. त्यांना ती एसटी आहे. औषधोपचाराला मुख्य भूमीवर गेलेले, कॉलेजातून सुटीला परतणारे, लग्नाचा बस्ता घेऊन निघालेले. बर्थला पाय अडकवून ती शांतपणे झोपतात, आणि घाबरलेल्या शेजारणीला लिंबू काढून देतात.

त्यांच्या या शांतपणामागे बेफिकिरी नसते. बंदरावर वादळाचे बावटे चढतात, त्यांना १ ते ११ क्रमांक असतात, आणि धोक्याची सूचना असेल तर जहाज सोडले जात नाही. ‘सुटी संपत आली’ ही सबब तेथे चालत नाही. डिसेंबर २०१६ मध्ये हॅवलॉक व नील या बेटांवर सुमारे चौदाशे पर्यटक अडकले होते; समुद्र निवळू लागल्यावर नौदलाने त्यांना बाहेर काढले. वाट पाहणे हा या प्रवासाचाच एक भाग आहे. परतीचे तिकीट काढताना दोन दिवस हाताशी ठेवावेत ते याचसाठी.

याच पाण्यावरून ‘महाराजा’ जहाजाने स्वातंत्र्यवीर सावरकरांना नेले. ४ जुलै १९११ रोजी, म्हणजे भर पावसाळ्यात, ते अंदमानात पोचले. खालच्या भागात कोंडलेल्या कैद्यांना तेव्हा दूर पाहण्यासाठी खिडकी कोठली असणार? सेल्युलर जेल पाहायला निघालेल्या मराठी प्रवाशाला त्या जेलची पहिली ओळख या वादळी दुपारीच होते.

‘सायक्लोन’ हा शब्दही याच उपसागराची देणगी. वेटोळे घातलेल्या सापावरून तो कलकत्त्याच्या हेन्री पिडिंग्टन यांनी १८४८ साली रूढ केला. आणि हे वेटोळे समुद्रातच राहते असे बीरगांवकराने समजू नये. २०१४ सालचे ‘हुदहुद’ ८ ऑक्टोबरला अंदमान ओलांडून १२ तारखेला विशाखापट्टणमवर आदळले, तेथून छत्तीसगडवर पाऊस पाडत पुढे सरकले, आणि दोन दिवसांनी नेपाळच्या अन्नपूर्णा परिसरात त्याने जीवघेणा बर्फ पाडला. आगगाडीला जी वाट उलटी चढावी लागते, ती वादळाने सरळ कापली. श्रावण-भाद्रपदात उपसागरावर कमी दाबाचे पट्टे तयार होतात, तेव्हाच छत्तीसगडच्या धानाला पाणी मिळते. ऑक्टोबरात तेच पट्टे ओंबीवर आलेले पीक आडवे करतात. जहाज हलवणारा वारा आणि घरामागच्या बांधावरचा पाऊस एकाच घरचे आहेत.

संध्याकाळी केव्हातरी पेला सरकायचा थांबतो. कोणी आधी बोलून दाखवत नाही, न जाणो पुन्हा सुरू व्हायचे! मग एक खलाशी येऊन डेकचा दरवाजा उघडतो. खारट, गार वारा आत येतो. कठड्यांवर मिठाचा पांढरा थर, ओल्या फळ्या, आणि पश्चिमेला ढगांखाली एक पिवळी फट. दिवसभर गप्प पडलेली मुले प्रथमच विचारतात, “आई, जेवायला काय आहे?”