अंधाराचा सांगावा

जन्मल्यानंतर पहिले काही आठवडे बाळाला दिवस काय नि रात्र काय, सारखंच. ‘याची दिवसरात्र उलटी झालीय’ असं घरातली मोठी माणसं म्हणतात. खरं तर ती अजून लागलेलीच नसते. मेंदूच्या मधोमध सात-आठ मिलिमीटरची पीनियल ग्रंथी असते. तिच्यातून रात्री मेलाटोनिन स्रवण्याचा ताल बसायला साधारण तीन महिने जातात. मग लहानपणी हे रात्रीचं प्रमाण भरपूर असतं. वयात येताना ते उशिरा वाढू लागतं, म्हणून सोळा वर्षांच्या मुलाला अकरा वाजता झोप येत नाही (हा त्याचा आळस नव्हे, उद्धटपणाही नव्हे). उतारवयात बहुतेकांचं ते कमी होतं. नेमक्या त्याच वयात रक्तदाब, मधुमेह, सांधेदुखी, प्रोस्टेट घरात शिरतात, झोप मोडते, आणि मेलाटोनिनची गोळी उशाशी येते. गेलेलं भरून काढायचं, हा विचार वरवर सरळ वाटतो. मला तो अपुरा वाटतो. आजारी माणसाची झोप कशामुळे मोडली हे न विचारता दिलेली ही गोळी बहुधा भलत्याच दारावर थाप मारते.

येल विद्यापीठातले त्वचारोगतज्ज्ञ आरन लर्नर यांनी १९५८ साली गुरांच्या पीनियल ग्रंथींतून हा पदार्थ वेगळा केला. ते झोपेच्या शोधात नव्हते. बेडकाची कातडी फिकी करणारं द्रव्य त्यांना हवं होतं, त्वचेच्या रंगाच्या विकारांसाठी. पुढे कळलं की मेलाटोनिन रात्री वाढतं, आणि ते गुंगीचं औषध असल्याची समजूत पसरली. पण उंदरातही ते रात्रीच वाढतं, आणि उंदीर रात्री जागा असतो, धावत असतो. म्हणजे ‘झोप’ असा हुकूम हे द्रव्य देत नाही. ‘अंधार पडला’ एवढाच सांगावा ते शरीरभर पोचवतं. त्यावर माणसाने झोपायचं आणि उंदराने बाहेर पडायचं.

हा सांगावा निघतो त्या वाटेकडे पाहिलं की आजारांचं कोडं बरंचसं सुटतं. डोळ्यातून प्रकाशाची खबर मेंदूतल्या घड्याळाकडे जाते, तिथून मज्जारज्जूत उतरते, मानेतल्या गँग्लियॉनमधून पुन्हा वर चढून पीनियलपाशी पोचते. शेवटचा टप्पा नॉरअ‍ॅड्रेनलिनचा, बीटा रिसेप्टरवरचा. आपल्याकडे घरोघरी माहीत असलेल्या अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल या रक्तदाबाच्या (बीटा ब्लॉकर) गोळ्या नेमका तो टप्पा अडवतात. हृदय शांत होतं, पण रात्रीचं मेलाटोनिनही घटतं. अशा गोळ्या घेणाऱ्या १६ जणांवरची बॉस्टनमधली चाचणी २०१२ साली प्रसिद्ध झाली. तीन आठवडे रोज रात्री अडीच मिलिग्रॅम मेलाटोनिन घेणाऱ्यांची झोप, नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांच्या तुलनेत, ३६ मिनिटांनी वाढली. चाचणी लहान आहे, पण कारण आणि परिणाम यांचा सांधा तिच्यात स्पष्ट दिसतो. पूर्ण अंधत्वातही तसंच. प्रकाशाची खबरच न मिळाल्याने अनेकांचं घड्याळ रोज थोडं थोडं पुढे सरकत जातं. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा सातपैकी सहा जणांचं घड्याळ मेलाटोनिनने चोवीस तासांवर आलं.

याउलट, कारण न पाहता सगळ्यांना एकत्र मोजलं की काय होतं? १९ चाचण्यांतल्या १६८३ जणांचा एकत्रित हिशेब २०१३ साली मांडला गेला: झोप सात मिनिटं लवकर लागली, आठ मिनिटं जास्त टिकली. रात्रभर कूस बदलणाऱ्याला तेवढीही थोडी नाहीत, असं कोणी म्हणेल, आणि त्यांचं दुःख मी हलकं लेखत नाही. पण सरासरीत एकाचा तास आणि दुसऱ्याचं शून्य मिसळून जातं. गुडघा ठणकत असेल, दोन-दोन तासांनी लघवीला उठावं लागत असेल, घोरता घोरता श्वास अडकत असेल किंवा स्टेरॉइडची गोळी संध्याकाळी घेतली जात असेल, तर सांगावा पोचलेलाच असतो. मोडतोड दुसरीकडे असते. ऑस्ट्रेलियातल्या अतिदक्षता विभागांत साडेआठशेच्या आसपास रुग्णांवर चाचणी झाली. अर्ध्यांना रोज रात्री चार मिलिग्रॅम मेलाटोनिन दिलं गेलं. २०२२ मध्ये निष्कर्ष आला: त्यांचा भ्रम कमी झाला नाही, झोपही वाढली नाही.

‘नैसर्गिक आहे, अपाय नाही, मग घेऊ दे की,’ हा सर्वांत प्रेमळ आक्षेप. झोपेच्या इतर गोळ्यांशी तुलना केली तर त्यात तथ्यही आहे: मेलाटोनिनची सवय सहसा जडत नाही. पण शरीराच्या स्वतःच्या रात्रीच्या पातळीला तीन दशांश मिलिग्रॅम पुरतं, आणि बाजारात पाच-दहाच्या गोळ्या मिळतात. कॅनडात ३१ उत्पादनं तपासली तेव्हा कुठे लेबलापेक्षा ८३ टक्के कमी तर कुठे ४७८ टक्के जास्त मेलाटोनिन निघालं. आठांत सेरोटोनिनही सापडलं. नैराश्यावरचं फ्लुवॉक्सामिन घेणाऱ्यात यकृत मेलाटोनिन नीट मोडू शकत नाही आणि रक्तातली पातळी कितीतरी पटींनी चढते. मधुमेहींसाठी तर गोष्ट आणखी नाजूक, कारण मेलाटोनिन इन्सुलिनचं स्रवणं रोखतं, आणि एका विशिष्ट जनुकभेदाच्या लोकांत जास्तच. आपली जेवणं रात्री नऊ-साडेनऊला. जेवणाआधी ही गोळी घेतली तर साखर नेमकी ताटावर बसल्यावर चढण्याची सोय होते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय मधुमेहीने ती घेऊच नये, असं मी ठामपणे म्हणेन.

म्हणून चिठ्ठी लिहिण्याआधी दोन प्रश्न विचारायला हवेत: बाकी गोळ्या कोणत्या, आणि रात्री जाग नेमकी कशाने येते? बीटा ब्लॉकर घेणाऱ्याच्या उत्तरातून मेलाटोनिनची खरी गरज पुढे येऊ शकते. घोरणाऱ्याच्या उत्तरातून झोपेची तपासणी, आणि ठणकणाऱ्याच्या उत्तरातून वेदनेवरचा इलाज. वॉर्डात पडलेल्या रुग्णाच्या बाबतीत तर तिसराही प्रश्न आहे. डोक्यावरची ट्यूबलाइट रात्री किती वाजता बंद होते? तेवढा प्रकाशही आपलं स्वतःचं मेलाटोनिन दाबायला पुरतो, आणि बटण भिंतीवर, नर्सच्या हाताशी असतं.